वहीतलं एकच अक्षर

ताईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा आईजवळ राहायला मी गेलो. ऑपरेशन तसं छोटं, त्याच दिवशी घरी सोडतात. पण नंतर काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. घरात राहिली असती तर ताई आईच्या पहिल्या हाकेला उठली असती, म्हणून भाची तिला स्वतःकडे घेऊन गेली. निघताना ताईने माझ्या हातात एक वही दिली. "यात सगळं आहे," म्हणाली. "रात्री काही अडलं तर फोन कर. दोन वाजता केलास तरी चालेल."

ती तिसरी वही होती. दोन वर्षांपूर्वी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ती पुन्हा नीट चालली नाही. त्याआधीपासूनच विसरायला लागली होती, ते झपाट्याने वाढलं. पाणी किती प्यायली, लघवी किती वेळा झाली, रक्तदाब किती, एवढंच लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण लिहिता लिहिता ताईने वहीत आईचा सगळा दिवस आणि सगळी रात्र आणली. मधलं कुठलंही पान उघडावं:

"2.10 – डाव्या कुशीवर. 3.40 – जागी. शाळा सुटली का, विचारलं. सुटली म्हटलं. 4.15 – झोपली. 4.30 – उजव्या कुशीवर. टाच बघितली. ठीक."

पहिल्या रात्री आई झोपल्यावर मी तिन्ही वह्या चाळल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर एकच, ताईचं, किंचित उजवीकडे झुकलेलं. माझं अक्षर सहा-सात ठिकाणी सापडलं, तेही औषधांची नावं लिहून घेतलेली. मी महिन्यातून एकदा जायचो, एक-दोन दिवस राहायचो. पैसे दर महिन्याला न चुकता पाठवायचो आणि त्याचं मला समाधान होतं. आईची प्रत्येक रात्र त्या वहीत होती, ताई मात्र कुठेच नव्हती. त्या रात्री ताई किती झोपली, तिचा स्वतःचा रक्तदाब किती होता, तिच्या डोळ्यापुढे कधीपासून धूसर व्हायला लागलं, यातलं काहीच नाही.

आईला कुशीवर वळवायचं म्हणजे तिला धरून ओढायचं नाही, हे मला 54व्या वर्षी कळलं. तिच्या अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत एक आडवी चादर दुमडून घातलेली असते. त्या चादरीची कड दोन्ही मुठींत आवळून आपल्याकडे सरकवायची, आधी कंबर, मग खांदा. गुडघ्यांच्या मध्ये उशी. मग दिवा लावून टाच बघायची. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबायचा आणि सोडायचा. दाबल्यावर जागा पांढरी पडली तर अजून वेळ आहे. लाल ती लालच राहिली तर आत जखम व्हायला सुरुवात झाली आहे. साधारण दर दोन तासांनी हे करायचं. पहिल्या रात्री मी तीनदा केलं आणि सकाळी माझी कंबर धरली. ताई 63 वर्षांची आहे. तिने हे दोन वर्षं केलं आणि फोनवर मला दर वेळी सांगितलं, "ठीक आहे रे सगळं."

त्या चार रात्रींत मला माझ्या कॉलेजच्या पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण राहून राहून आठवत होतं. समाजशास्त्राच्या पेपरात 'कुटुंब' हा प्रश्न हमखास यायचा. आधी कुटुंबाची कार्ये लिहायची, मग कुटुंबसंस्थेवरची टीका. कार्यांसाठी अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक. त्यांनी 1949 साली 250 समाजांची माहिती तपासून कुटुंब सगळीकडे असतं असं मांडलं आणि त्याची चार कामं सांगितली: लैंगिक संबंधांचं नियमन, प्रजनन, आर्थिक सहकार्य आणि मुलांचं शिक्षण. मग टॅल्कॉट पार्सन्स. त्यांच्या मते आधुनिक कुटुंबाकडे दोनच मोठी कामं उरली आहेत, मुलांवर संस्कार करणं आणि मोठ्या माणसांचं मन स्थिर ठेवणं. टीकेच्या बाजूला मार्क्सचे सहकारी एंगल्स होते. एकपत्नी कुटुंब खासगी मालमत्तेच्या वारशासाठी उभं राहिलं, असं त्यांनी 1884 मध्ये लिहिलं. एडमंड लीच यांनी तर 1967 साली रेडिओवरच्या व्याख्यानात सांगून टाकलं की कुटुंब हा चांगल्या समाजाचा पाया नाहीच. त्याचा आक्रसलेला खासगीपणा आणि त्यात दडवलेल्या गोष्टी हेच आपल्या असमाधानाचं मूळ आहे. आणि मग स्त्रीवादी विचारवंत, ज्यांनी विचारलं की घरातल्या कामाला काम का म्हणत नाही.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि या टीकेचा मला संताप यायचा. आईने आम्हाला वाढवलं त्याला कुणी 'बिनमोबदला श्रम' म्हणावं, हे सहन होत नसे. टीकेचा भाग मी गुणांपुरता पाठ केला आणि विसरलो.

आता आईच्या पायाशी बसून ते सगळं पुन्हा मनात मांडताना एक गोष्ट लक्षात आली. मर्डॉक यांच्या चार कामांत म्हातारं माणूस नाही. पार्सन्स यांच्या दोन कामांतही नाही. बरं, टीका करणाऱ्यांचं कुटुंबही तरुणच. अ‍ॅन ओकली यांचा घरकामावरचा अभ्यास 1974 चा. आठवड्याला सरासरी 77 तास घरकाम, हा त्यातला आकडा मला आजही आठवतो. लंडनमधल्या ज्या 40 स्त्रियांशी त्या बोलल्या, त्या सगळ्या वीस ते तीस वयाच्या, प्रत्येकीच्या घरात पाच वर्षांखालचं मूल. कुटुंब म्हटलं की नवरा, बायको आणि लहान मुलं, हे चित्र गोडवे गाणाऱ्यांच्या आणि टीका करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे सारखंच होतं. माझ्या पाठ्यपुस्तकातल्या कुटुंबात कुणी अंथरुणाला खिळलेलं नव्हतं.

याला कारण आहे. 1950 च्या आसपास जगातलं सरासरी आयुर्मान पन्नाशीच्याही खाली होतं. 2019 पर्यंत ते 73 च्या जवळ आलं. तेव्हा एका स्त्रीला सरासरी पाच मुलं होत, आता दोनपेक्षा थोडी जास्त. 2018 साली माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा पासष्टीपुढची माणसं पाच वर्षांखालच्या मुलांपेक्षा जास्त झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2050 पर्यंत जगातला साधारण दर सहावा माणूस 65 च्या पुढचा असेल. ही आनंदाचीच गोष्ट आहे, मला त्यात शंका नाही. पण तिने कुटुंबाचा आकारच बदलला. पूर्वी फांद्या आडव्या पसरत, भावंडं पुष्कळ, पिढ्या दोन-तीन. आता एकेका पिढीत एक-दोन माणसं आणि एकावर एक चार पिढ्या. समाजशास्त्रज्ञ याला वेलीच्या काठीसारखं कुटुंब म्हणतात, उंच आणि बारीक. चीनमध्ये एका मुलाच्या धोरणानंतर हे इतकं टोकाला गेलं की तिथे 'चार-दोन-एक' असा शब्दच पडला: चार आजी-आजोबा, दोन आई-वडील आणि एक मूल. काठी जितकी उंच तितका खालच्या पेरावर भार.

आणि भार घेणारंही म्हातारं झालेलं असतं. जपानी भाषेत यासाठी शब्द आहे, 'रोरो काइगो', म्हाताऱ्याने म्हाताऱ्याची केलेली शुश्रूषा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी ताई आईच्या टाचेवरचा लालसर डाग शोधत होती. तो डाग तिला दिसत तरी होता का, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

वृद्धांची गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणतंच, हल्लीची मुलं आई-बापांना बघत नाहीत, पूर्वी असं नव्हतं. हे मला आता ऐकवत नाही. इतिहासकार पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शंभर गावांच्या 1574 ते 1821 या काळातल्या याद्या तपासल्या, तेव्हा घरातल्या माणसांची सरासरी पाचाच्याही आत निघाली आणि आजी-आजोबा किंवा इतर नातलग सोबत असलेली घरं दहातलं एखादंच. निदान तिथे तरी, भरल्या घरातलं सुखी म्हातारपण ही बहुतांश नंतरची कल्पना. तितकं जगायचंच कोण? एथेल शॅनस या अमेरिकी अभ्यासक आयुष्यभर एकच गोष्ट पुराव्यानिशी सांगत राहिल्या, की म्हाताऱ्यांना मुलांनी टाकून दिलंय हा समज खोटा आहे. बहुतेक म्हातारी माणसं मुलांच्या संपर्कात असतात आणि आजारपणात त्यांचं करणारी माणसं घरचीच असतात. 1979 मध्ये त्यांनी हताश होऊन या समजाला अनेक तोंडांच्या राक्षसाची उपमा दिली, एक तोंड छाटलं की दुसरं उगवतं. आपल्या रक्तबीजासारखंच.

म्हणजे कुटुंब करत नाही ही तक्रार चुकीची. कुटुंब करतं. फक्त कुटुंब म्हणजे घरातलं एक माणूस. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 मध्ये हिशोब मांडला: जगात रोज 1,640 कोटी तास बिनपगारी काळजीचं काम होतं. 200 कोटी माणसांनी रोज आठ तास फुकट काम करावं इतकं. आणि त्यातलं तीन-चतुर्थांशाहून अधिक, 76.2 टक्के, बायका करतात. त्या 1,640 कोटी तासांमधले रोजचे काही तास माझ्या ताईचे आहेत.

तिच्याच वाट्याला का? हे आमच्यात कधी ठरलं, मी आठवून बघितलं. आम्ही बसून बोललो असं एकदाही झालं नाही. आई पडली, दवाखान्यातून सोडायची वेळ आली, ताई म्हणाली, "माझ्याकडे नेते," आणि मी गाडी बोलावली. एवढंच. जॅनेट फिंच आणि जेनिफर मेसन यांनी मँचेस्टरच्या परिसरात कितीतरी कुटुंबांशी बोलून 1993 मध्ये एक पुस्तक लिहिलं. नात्यातली जबाबदारी कुठल्या नियमाने ठरत नाही, ती वर्षानुवर्षं वाटाघाटींतून घडत जाते, असं त्यांचं म्हणणं. वाटाघाट म्हटली तरी ती बहुतेक न बोलताच होते. आणि त्यात एक फार नेमकी गोष्ट आहे: घराघरात काही जणांच्या सबबी वाजवी ठरतात आणि काहींच्या ठरत नाहीत. नोकरी, अंतर, लहान मुलं, स्वतःचं दुखणं. सबब प्रत्येकाकडे असते, पण ती मान्य होणं ही वेगळी गोष्ट आहे.

माझी सबब मान्य झाली होती. मी दुसऱ्या शहरात राहतो, नोकरी आहे, असं मला कधी म्हणावंही लागलं नाही; बाकीच्यांनीच ते माझ्या वतीने म्हटलं. भाऊजींच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी वजन उचलायचं नाही, तेही मान्य. ताईची नोकरी होती. निवृत्तीला वर्ष बाकी असताना तिने ती सोडली आणि कुणीही, मीसुद्धा, तिला विचारलं नाही की तुझं काय? ताई आहे ना, एवढं वाक्य आमच्या घरात पुरेसं होतं. एलेन ब्रॉडी यांनी 1981 मध्ये अशा बायकांना मध्ये सापडलेल्या बायका म्हटलं होतं, एका बाजूला म्हातारे आई-वडील, दुसऱ्या बाजूला मुलं आणि नोकरी. ताईच्या बाबतीत दुसऱ्या बाजूला नातूही आहे. भाचीचं बाळ दुपारी दोन तास ताईकडेच असतं.

दुसऱ्या रात्री दुसऱ्या वहीत मला एक नोंद दिसली. मी वर लिहिलंय की ताई वहीत कुठेच नव्हती. एका ओळीत होती.

"6.20 – हात जोरात धरला गेला. वळ उठला. चूक माझी."

पुढच्या ओळीत पुन्हा रक्तदाब.

ती ओळ मी कितीदा वाचली असेन. त्या पानावरच्या नोंदी मागे जाऊन बघितल्या तर आदल्या रात्री अकरा, साडेबारा, एक, दोन, पावणेतीन, चार, पाच. प्रत्येक वेळी आई जागी होती. मधल्या काळात ताईला सलग दोन तासही मिळाले नव्हते. लीच जेव्हा दडवलेल्या गोष्टी म्हणाले, तेव्हा मला मोठमोठी पापं वाटली होती. आर. डी. लेंग आणि एरन एस्टरसन या मनोविकारतज्ज्ञांनी 1964 मध्ये मानसिक रुग्ण ठरवलेल्या अकरा स्त्रियांच्या घरांत जाऊन दाखवलं होतं की घर माणसाचं मन कसं पिळून काढू शकतं. ते वाचतानाही मी ती घरं वेगळीच धरली होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीपुढच्या सहा माणसांमागे एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या रूपात छळ सोसावा लागतो, आणि त्यातला बराचसा बाहेर येतच नाही. छळणाऱ्यांतली काही माणसं क्रूर असतील, मालमत्तेसाठी सही घेणारी असतील. त्यांची बाजू मी कधीच घेणार नाही. पण काही हात असेही असतील जे सात वेळा उठून आठव्यांदा जोरात धरले गेले. बंद दारामागे एकटं माणूस एकट्या माणसाला सांभाळतं तेव्हा दोघांनाही वाचवणारं तिसरं कुणी नसतं. ताईने निदान लिहून ठेवलं. कुणी वाचेल म्हणून नव्हे. खोटं लिहायची तिला सवय नाही म्हणून.

ते दार बंद कुणी केलं, हा प्रश्न मिशेल बॅरेट आणि मेरी मॅकिन्टॉश यांनी 1982 मध्ये विचारला होता. कॉलेजात मला ज्यांचा सर्वांत जास्त राग आला होता त्या याच. कुटुंब समाजविरोधी आहे असं म्हणणं मला तेव्हा उद्धट वाटलं. आता त्यांचा मुद्दा कळतो. कुटुंबात माया नाही असं त्या म्हणत नाहीत. उलट, माया, काळजी, जिव्हाळा हे सगळं कुटुंबानेच स्वतःकडे ओढून घेतलं, आणि त्यामुळे कुटुंबाबाहेरचं जग कोरडं पडलं, असं त्या म्हणतात. जग कोरडं म्हणून आपण घराला बिलगतो आणि घराला बिलगतो म्हणून जग आणखी कोरडं होतं. ज्यांना कुटुंब नाही त्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. मला त्याला जोडून विचारावंसं वाटतं, ज्यांना आहे त्यांचं तरी काय? माझ्या आईला शेजारचं कुणी कुशीवर वळवेल ही कल्पनाच आम्हाला कधी सुचली नाही. सुचली असती तर ताईला ती लाज वाटली असती.

ताईने एकदा मदतीला बाई ठेवून बघितली होती. दिवसा यायची, हात हलका, आईशी छान बोलायची. तीन महिन्यांनी अचानक सुटली, कारण तिची स्वतःची आई दूर कुठेतरी आजारी पडली आणि तिला बघणारं कुणी नव्हतं. आर्ली होक्शिल्ड यांनी याला काळजीची साखळी म्हटलंय. श्रीमंत देशातल्या घराला हवी असलेली काळजी गरीब देशातली बाई येऊन पुरवते, तिच्या घरची काळजी तिची मोठी मुलगी किंवा आणखी गरीब बाई. शेवटच्या कडीला कुणीच नसतं. साखळी एका देशातही असते, एका शहरातही असते. त्या बाईच्या आईचा विचार मी ती सोडून गेली त्या दिवशी केला नव्हता. दुसरी बाई कुठे मिळेल, एवढाच केला होता.

सरकारं यावर काय करतात, ते बघितलं तर दोन वाटा दिसतात. सिंगापूरने 1995 मध्ये, भारताने 2007 मध्ये मुलांना आई-वडिलांच्या पोटापाण्याला कायद्याने बांधलं. चीनमध्ये 2013 पासून कायदाच सांगतो की लांब राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटावं. ज्या म्हाताऱ्याला मुलांनी खरोखरच वाऱ्यावर सोडलंय त्याला असा कायदा लागतो, हे मला मान्य आहे. पण ताईसारखीला त्यातून काय मिळतं? जी आधीच रात्रभर जागी आहे तिला कायदा सांगतो की जागी राहा.

दुसरी वाट विम्याची. जर्मनीने 1995 मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला, जपानने 2000 मध्ये. जर्मनीत घरच्यांना रोख रक्कम घेता येते किंवा प्रशिक्षित माणसाची सेवा. जपानमध्ये चाळिशीपुढचे सगळे हप्ता भरतात आणि गरज पडली की सेवा मिळते, म्हणजे घरी येणारी मदतनीस, दिवसभर सांभाळणारं केंद्र, आंघोळ घालणारी माणसं. रोख रक्कम नाही. हे वाचून मला आधी कंजूसपणा वाटला होता. मग कारण कळलं. तिथल्या बायकांच्या संघटनांनीच रोख रकमेला विरोध केला होता. पैसे दिले तर सगळे म्हणतील, आता तुला पैसेही मिळतात, आता तर तूच कर. आणि मुलगी, सून आणखी घट्ट बांधली जाईल. मी स्वतः दर महिन्याला पैसे पाठवून नेमकं हेच करत होतो. जपानमध्येही सगळं आलबेल नाही, माणसं कमी पडतात, घरच्या बायकांचं काम संपलेलं नाही. पण शुश्रूषा हा घरापुरता प्रश्न नाही, एवढं त्या देशाने कायद्यात लिहिलं.

म्हातारपणाचे आकडे वाचताना एक शब्द मला फार खटकतो. वृद्ध अवलंबित्व गुणोत्तर. कामाच्या वयातल्या दर शंभर माणसांमागे पासष्टीपुढची माणसं किती, ते यात मोजतात आणि त्यांना कमावत्यांवर अवलंबून धरतात. अजून दोन वर्षांनी ताई या हिशोबात आईच्या बाजूला जाईल. ती रात्री सात वेळा उठत असेल, दुपारी नातवाला सांभाळत असेल, आणि कागदावर ती माझ्यावर अवलंबून असेल.

आईबद्दलही सांगायला हवं. ती नुसता भार नाही. तिसऱ्या रात्री तिने मला ओळखलं नाही. घाबरून हात मागे घेतला. मी गप्प बसून राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमचं कुणी न्यायला आलं नाही का अजून?" आणि माझ्या हाताच्या पाठीवर थोपटायला लागली, शाळा सुटल्यावर मागे राहिलेल्या मुलाला थोपटावं तसं. तिने तीस वर्षं लहान वर्गांना शिकवलं. नाव, गाव, मी, सगळं गेलं होतं, हे राहिलं होतं. पीटर टाउनसेंड यांनी 1957 मध्ये पूर्व लंडनमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरगुती आयुष्यावर लिहिलं, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: म्हातारी माणसं नुसती घेत नाहीत, देतही असतात, आणि देता येईनासं झालं की खचतात. त्याच टाउनसेंड यांनी नंतर 173 वृद्धाश्रम हिंडून 1962 मध्ये जे लिहिलं, तेही मला विसरता येत नाही. माणसांना तिथे करायला काहीच उरत नाही. म्हणून कुटुंब मोडा आणि सगळ्यांना संस्थेत ठेवा, असं मला म्हणवत नाही. आईने मला थोपटलं ते त्या खोलीत, तिच्या पलंगावर. मला एवढंच हवं आहे की तिथे ताई एकटी नसावी.

पाचव्या दिवशी दुपारी ताई आली. उजव्या डोळ्यावर काळा चष्मा. आल्या आल्या आईजवळ जायला निघाली, मी वाट अडवली. मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वही आण."

एक डोळा बारीक करून तिने माझी पानं वाचली. बोट एका जागी थांबलं. "तीन ते सहा काहीच नाही?"

"झोप लागली," मी म्हटलं. "उठलो तेव्हा सहा वाजले होते. टाच लाल होती. दाबल्यावर पांढरी झाली."

ती रागवेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला पण लागायची."

"वहीत नाही तसं."

"नाही," ती म्हणाली. "ते नाही लिहिलं."

मी ऑफिसला फोन करून आणखी दहा दिवसांची रजा मागितली, आणि पुढच्या महिन्यापासून दर पंधरवड्याला चार दिवस मी येणार हेही त्याच दिवशी ठरवलं. ठरवलं म्हणजे आम्ही तिघांनी, ताई, भाऊजी आणि मी, आईच्या खोलीत बसून, मोठ्याने बोलून. ताई दोनदा म्हणाली, कशाला, तुला नोकरी आहे. तिसऱ्यांदा नाही म्हणाली.

संध्याकाळी मी पट्टी घेऊन वहीच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे आई. उजवीकडे वर ताईचं नाव लिहिलं. डॉक्टरांनी दिलेली डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली दिव्याच्या उजेडात हलवली. ताईने मान मागे टाकली, मी तिची खालची पापणी बोटाने खाली ओढली, तिचा डोळा थरथरला. "हलू नकोस," मी म्हटलं. मग लिहिलं:

"8.00 – ताई. उजवा डोळा, एक थेंब. काल रात्री झोप: सहा तास."